कंसातलं गाव, फोनवरचा माणूस

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं आहेत. एक सिंदी (मेघे). ती वर्धा शहराला इतकी चिकटली आहे की शहर कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते ते नवख्याला कळत नाही. दुसरी सिंदी (रेल्वे). ती सेलू तालुक्यात, नागपूर-वर्धा लोहमार्गावर बोरखेडी आणि तुळजापूर या स्थानकांच्या मध्ये आहे. तिची स्वतःची नगर परिषद आहे आणि तिथला तान्हा पोळा विदर्भात नावाजलेला आहे. दोन्ही गावांमध्ये तीसेक किलोमीटरचं अंतर आहे. तालुका वेगळा, जमिनीचा भाव वेगळा, मंजुरी देणारी कार्यालयंही वेगळी.

वर्ध्यात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलेल्या माणसाच्या फोनवर ‘सिंदीला प्लॉट आहे, मोक्याचा, वर्ध्याजवळ’ असा निरोप येतो तेव्हा कंस गळून पडलेला असतो. सेलूचंही तसंच आहे. एक सेलू वर्ध्यात, एक परभणीत. दूरच्या खरेदीदाराची फसवणूक नेहमी मोठ्या कटातून होते असं नाही. पुष्कळदा ती अशा गळालेल्या कंसातून होते. म्हणून मध्यस्थाची पहिली परीक्षा अगदी साधी ठेवा. तो गावाचं पूर्ण नाव, तहसील, मौजा आणि खसरा किंवा गट क्रमांक न विचारता सांगतो का?

‘परदेशात मालमत्ता घेणे’ म्हटलं की दुबईचा फ्लॅट किंवा लंडनचं घर डोळ्यांसमोर येतं. मराठी कुटुंबांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न बहुतेक वेळा उलट्या दिशेने येतो. माणूस परदेशात असतो आणि जमीन त्याच्या आईवडिलांच्या गावी. दहा-पंधरा वर्षं बाहेर राहिल्यावर ते गाव मनाने आपलं असतं, जमिनीच्या व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ते परकं झालेलं असतं. पटवारी बदललेला असतो, नकाशा बदललेला असतो, भाव ठरवणारी माणसं बदललेली असतात. आणि गाव आपलं वाटत असल्यामुळेच, दुबईत फ्लॅट घेताना जे दहा प्रश्न आपण विचारले असते ते इथे विचारायला संकोच वाटतो. तो संकोच कमी व्हावा म्हणून हे प्रकरण आहे.

सिंदी (रेल्वे)च का, ते आधी सांगतो. २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात इथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं. समुद्रापासून सात-आठशे किलोमीटर आत, कापूस-सोयाबीनच्या मुलखात बंदर! कंटेनर इथेच भरायचे, सीमाशुल्काचे सोपस्कार इथेच उरकायचे आणि माल रेल्वेने थेट न्हावाशेवाच्या मूळ बंदरात पाठवायचा, अशी ती कल्पना. पुढे २०२१ मध्ये केंद्रीय महामार्ग खात्याच्या लॉजिस्टिक कंपनीबरोबर करार होऊन तोच प्रकल्प सुमारे साडेतीनशे एकरांवरचा मल्टी-मोडल लॉजिस्टिक पार्क म्हणून पुढे आला. त्याच काळात समृद्धी महामार्गही तयार होत होता. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. सेलू तालुक्यात सेलडोहला त्याचं इंटरचेंज आहे. त्यात नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची सुरुवात पवनारपासून करण्याचा प्रस्ताव आला. एका छोट्या पट्ट्यावर इतक्या घोषणा एकदम आल्या की शेतजमिनीचा प्लॉट होतो, प्लॉटचा ब्रोशर होतो आणि ब्रोशर समुद्रापार जातो.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. घोषणेच्या भावाने जमीन घेऊ नये. भूमिपूजन आणि पहिला कंटेनर यांच्यामध्ये किती वर्षं जातात ते सिंदीकरांनी स्वतः पाहिलं आहे. चांगला मध्यस्थ तुम्हाला आजचा भाव सांगतो, आज रस्ता कुठपर्यंत आहे ते सांगतो, आज वीज कुठल्या खांबापर्यंत आली आहे ते सांगतो. जो फक्त पाच वर्षांनंतरचं बोलतो त्याच्याकडे आज दाखवण्यासारखं काही नसतं.

दलाल या शब्दाला मराठीत उगाच काळिमा लागला आहे. खरं तर गावोगावी हा प्रामाणिक धंदा करणारी माणसं आहेत. कुणाच्या वावरातून पांधण जाते, कुठल्या धुऱ्यावरून दोन भावांचं बोलणं बंद आहे, कुणाच्या बहिणीने अजून हक्कसोड केलेलं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. ही माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. तिच्यासाठी एक-दोन टक्के दलाली देणं अगदी योग्य आहे. प्रश्न एवढाच की ती माहिती तो तुमच्यासाठी वापरतो की तुमच्याविरुद्ध.

म्हणून दुसरा प्रश्न: तो कुणाचा माणूस आहे? इंग्लंडमध्ये इस्टेट एजंट बहुतेक वेळा विकणाऱ्याचा माणूस असतो, हे तिथल्या खरेदीदाराला माहीत असतं. म्हणून तो आपला वकील वेगळा नेमतो. अमेरिकेत खरेदीदाराचा एजंट वेगळा असण्याची पद्धत आहे आणि ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखवण्याआधीच, त्याची फी किती आणि ती कोण देणार याचा लेखी करार करण्याची प्रथा तिथे रूढ झाली आहे. आपल्याकडे एकच माणूस दोन्हीकडून दलाली घेतो. ते लपवलं नाही तर त्यात गैर काही नाही. त्रास होतो तो तिसऱ्याच प्रकारात, जिथे तो दलाल नसतोच.

हा तिसरा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण परदेशातल्या खरेदीदारांचे बहुतेक पैसे इथेच अडकतात. समजा एका शेतकऱ्याचं तीन एकर वावर आहे. मध्यस्थ त्याच्याशी एकरी एक भाव ठरवतो, थोडा इसार देतो, वर्ष-दीड वर्षाची मुदत घेतो आणि इसारपत्र करून घेतो. मग तेच शेत कागदावर प्लॉटांमध्ये कापलं जातं. चुन्याच्या रेघा पडतात, सिमेंटचे खुंट लागतात, कमान उभी राहते. प्लॉट चौरस फुटाच्या भावाने विकायला निघतात. तुमच्याकडून येणाऱ्या हप्त्यांतून तो शेतकऱ्याचे पैसे फेडणार असतो. प्लॉट भराभर गेले तर सगळ्यांचं निभतं. गेले नाहीत तर मुदत संपते, शेतकरी इसार जप्त करून शेत परत घेतो आणि पुढच्या हंगामात तिथे पुन्हा तूर उभी राहते. तुमच्या हातात स्टॅम्प पेपरवरचा एक नोटरी केलेला कागद उरतो. ज्या शेतावर तुमचा प्लॉट होता त्या शेताच्या मालकाने तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं.

अशा व्यवहारात समोरचा माणूस दलाल नसून व्यापारी असतो. एकरी भाव आणि चौरस फुटाचा भाव यांतला फरक ही त्याची कमाई असते. ती तो तुम्हाला सांगत नाही, उलट ‘कमिशन काही नको, घरचंच समजा’ असं म्हणतो. कमिशन नको म्हणणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहा. माणूस फुकट राबत नाही. तो कुठून कमावतो ते दिसत नसेल तर ती कमाई तुमच्याच खिशातून होत असते.

याविरुद्ध कायदा आजचा नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात मध्यस्थाच्या कर्तव्यांचं एक आख्खं प्रकरण आहे. आपल्या धन्याला न सांगता मध्यस्थाने त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा केला तर त्यातून झालेला फायदा धनी मागू शकतो, हे त्याच्या २१६ व्या कलमात लिहिलं आहे. पण त्यासाठी तो तुमचा मध्यस्थ होता हे आधी सिद्ध व्हायला हवं. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक साधं पत्र करून घ्या. त्यात तीन-चार वाक्यं पुरेत. हा मध्यस्थ अमुक जमिनीच्या खरेदीत माझ्या वतीने काम करतो. त्याची दलाली इतकी टक्के, रजिस्ट्री झाल्यावर. विकणाऱ्याकडून तो घेत असेल तर ती इतकी. या जमिनीत त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा इसार, भागीदारी किंवा अन्य हितसंबंध नाही. हे पत्र पाठवलं की प्रामाणिक माणूस सही करतो. ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो रागावतो, नात्याची आठवण करून देतो, ‘विश्वास नाही का?’ असं विचारतो. त्याच्या रागातूनच तुम्हाला उत्तर मिळतं.

आता सरकारी नोंदणीकडे वळू. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचा रेरा कायदा २०१६ चा आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा या नियामक प्राधिकरणाचं काम सुरू झालं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे एकराचा जेमतेम आठवा हिस्सा. शेतात पाडलेला जवळपास प्रत्येक नवा ले-आउट या व्याख्येत येतो. प्रकल्पाचा क्रमांक इंग्रजी ‘पी’ अक्षराने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ अक्षराने. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणंही बंधनकारक आहे. एजंट होण्यासाठी महारेराने २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली. पहिली परीक्षा त्याच वर्षी २० मे रोजी झाली. नोंदणी नसलेला प्रकल्प नोंदणीकृत एजंटाने विकणं हा गुन्हा आहे. त्याला रोज दहा हजार रुपयांपर्यंत, एकूण किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि नोंदणीकृत करारनामा होण्याआधी प्रवर्तकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

हे सगळं ह्यूस्टनमध्ये बसून दहा मिनिटांत तपासता येतं. नंबर मागा, महारेराच्या संकेतस्थळावर टाका, नाव आणि मुदत जुळते का पाहा. एजंटाची नोंदणी पाच वर्षांची असते. जुना नंबर जाहिरातीत तसाच ठेवणारेही असतात.

पण नोंदणी म्हणजे विश्वासाचं प्रमाणपत्र नव्हे. आणि नोंदणी नसणं म्हणजे लबाडीही नव्हे. सिंदीसारख्या गावात जुना एकटा प्लॉट, वाड्याचा हिस्सा किंवा शेत यांचे सौदे जुळवणारा माणूस बहुधा स्वतः शेतकरी असतो. कधी तो किराणा दुकानदार असतो, कधी निवृत्त शिक्षक. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणारा सुटा प्लॉट रेराच्या चौकटीत येत नाही आणि असा मध्यस्थ कदाचित कधीच परीक्षेला बसणार नाही. त्याची पारख नंबरावरून होणार नाही. त्याने मागच्या तीन-चार वर्षांत जुळवलेले व्यवहार विचारा. त्यातल्या दोन खरेदीदारांशी आणि एका विकणाऱ्याशी स्वतः बोला. विकणाऱ्याशी बोलणं कुणी सुचवत नाही, पण तेच सर्वांत उपयोगी. शेतकऱ्याला पूर्ण पैसे वेळेवर मिळाले का, हे त्यालाच ठाऊक असतं. ज्याने विकणाऱ्याला फसवलं तो घेणाऱ्याला सोडत नाही.

सगळ्यांत मोठी कसोटी गट क्रमांकाची आहे. तो मिळाला की तुम्ही मध्यस्थावर अवलंबून राहत नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा हवा असेल तर पंधरा रुपये लागतात. त्यात मालकांची नावं, क्षेत्र, बोजा, इतर अधिकार सगळं दिसतं. खालच्या बाराच्या भागात पीक दिसतं. ज्या जमिनीवर तुम्हाला ‘मंजूर ले-आउट’ सांगितला आहे तिथे यंदा सोयाबीनची नोंद असेल तर ती जमीन अजून शेत आहे, एवढं तरी नक्की कळतं. फेरफाराचे क्रमांक पाहा. एकाच वर्षात दोन-तीन फेरफार झाले असतील तर प्रत्येकाचं कारण विचारा.

जो मध्यस्थ ‘पहिले टोकन टाका, मग नंबर देतो, नाहीतर दुसरा कुणी सौदा फोडेल’ असं म्हणतो, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. सौदा फुटण्याची भीती त्याच्या बाजूने खरीही असेल. पण ती भीती त्याने लेखी दलालीच्या करारातून सोडवावी, तुमच्या अंधारातून नव्हे.

‘आठ-अ नावावर करून देतो’ हे वाक्य तर नेहमीचंच. महसूलचा गाव नमुना आठ-अ वेगळा आणि ग्रामपंचायतीचा करआकारणीचा नमुना आठ वेगळा. दुसऱ्यात नाव लागलं म्हणजे घरपट्टी तुम्ही भराल. मालकी त्याने सिद्ध होत नाही.

आता परदेशातल्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाचं. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, प्लॉट, दुकान घेता येतं, पण शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. हा परकीय चलनाचा, म्हणजे फेमाचा नियम आहे. वडील शेतकरी असले, सातबाऱ्यावर आजोबांपासून नाव असलं तरी तो बदलत नाही. वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी मात्र विकत घेता येत नाही. शिवाय विदर्भात १९५८ चा कूळवहिवाट कायदा लागू आहे आणि त्याच्या ८९ व्या कलमाने शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन देण्यावर बंदी आहे. तुकडेबंदीचा कायदा तिसरा. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचा किमान तुकडा २० गुंठे आणि बागायतीचा १० गुंठे. रहिवासी क्षेत्रातल्या तुकड्यांना २०२५ मध्ये सवलत मिळाली, पण त्याने गावाबाहेरच्या शेतातली प्रत्येक रेघ प्लॉट झाली असं कुणी सांगितलं तर मानू नका.

हे मध्यस्थाला माहीत नसतं असं नाही. म्हणूनच तो उपाय सुचवतो: ‘भावाच्या नावावर घेऊन ठेवा, मग बघू.’ हा सल्ला ज्याच्या तोंडून येईल त्याला मध्यस्थ म्हणून नेमू नका. पैसा तुमचा आणि नाव दुसऱ्याचं, असा व्यवहार २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी ठरू शकतो. त्यात मालमत्ता जप्त होते आणि तुरुंगवासही आहे. भाऊ कितीही चांगला असला तरी उद्या त्याच्या मुलांना तुमची तोंडी समजूत माहीत नसते. मी असे दोन संसार दुरावलेले पाहिले आहेत.

वर्धा जिल्ह्यासाठी आणखी एक शब्द लक्षात ठेवा: भूदान. विनोबांचा आश्रम पवनारला, सिंदीहून फार लांब नाही. भूदानात मिळालेल्या जमिनी भूमिहीनांना कसण्यासाठी दिल्या गेल्या. त्यांसाठी १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा झाला, कारण तेव्हा विदर्भ त्या राज्यात होता, आणि तो कायदा इथे आजही लागू आहे. ही जमीन विकण्यासाठी नाही. सातबाऱ्यावर ‘भूदानधारक’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल तर हस्तांतरणावर बंधन आहे, हे शाळकरी मुलालाही सांगता यावं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ या कलमांचं संरक्षण आहे. आणि सेलू तालुक्यात हिंगणीच्या बाजूला, २०१४ मध्ये घोषित झालेल्या बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास जमीन सांगितली जात असेल, तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द तपासल्याशिवाय बांधकामाचा विचारही करू नका. ‘वर्ग दोनचं एकमध्ये करून देतो’ म्हणणारा मध्यस्थ आधी ते करून दाखवू दे, पैसे त्यानंतर.

दुरून जमीन पाहायची कशी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उन्हाळ्यातले फोटो पाहू नका. तेव्हा काळी जमीन भेगाळलेली पण टणक असते, गाडी सरळ आत जाते. जुलैत त्याच पांधणीवर ट्रॅक्टर रुततो. मध्यस्थाला जुलै-ऑगस्टमधल्या पावसानंतरचा व्हिडिओ कॉल करायला सांगा. डांबरी रस्त्यापासून चालत, फोन खाली न ठेवता, प्लॉटपर्यंत. मग त्याने चारही धुरे फिरून दाखवावेत आणि धुऱ्याच्या शेजाऱ्यांपैकी एकाशी तुमचं बोलणं करून द्यावं. शेजाऱ्याला एवढंच विचारा: ‘दादा, हे वावर कुणाचं?’ त्याने घेतलेलं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव एकच असेल तर निम्मं काम झालं. जो मध्यस्थ या चालण्याला कंटाळतो तो मोजणीच्या दिवशीही येणार नाही. खरेदीखतातल्या चतुःसीमा आणि तुम्ही पाहिलेले धुरे एकच आहेत की नाही, हे भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीशिवाय पक्कं होत नाही. तिचा खर्च करा.

कागद वाचण्याचं काम मध्यस्थाचं नाही, वकिलाचं आहे. आणि तो वकील मध्यस्थाने आणलेला नसावा. वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या दिवाणी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या. वारसांच्या बाबतीत मुलींची नावं खास विचारा. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. विकणाऱ्या भावाने बहिणीला विचारलं नसेल तर तुमचं खरेदीखत कोर्टाची पायरी चढणार. चांगला मध्यस्थ या बहिणीला स्वतः जाऊन भेटतो. वाईट मध्यस्थ ‘तिचं काही म्हणणं नाही’ असं तिच्या वतीने सांगतो.

मुखत्यारपत्राचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतला, कारण आधीची सगळी काळजी घेऊनही माणसं इथे घसरतात. रजिस्ट्रीला येता येत नाही म्हणून मध्यस्थच म्हणतो, ‘माझ्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवा, मी सगळं करतो.’ मध्यस्थाला मुखत्यारपत्र कधीही देऊ नका. तो सौद्यातला पक्ष आहे, त्याची दलाली सौदा होण्यावर अवलंबून आहे. सौदा थांबवण्याचा अधिकार त्याच्या हाती सोपवता येत नाही. मुखत्यार म्हणून आई, सासरे, मामेभाऊ किंवा वकील चालेल. अधिकार विशिष्ट ठेवा: हाच गट, हाच प्लॉट, इतक्याच रकमेपर्यंत, खरेदीखतावर सही आणि नोंदणी. पुढे विकण्याचा अधिकार त्यात नको. तुम्ही राहता तिथल्या भारतीय वकिलातीसमोर सही करा, किंवा तो देश ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असेल तर तिथल्या नोटरीसमोर सही करून ॲपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, घ्या. भारत त्या करारात २००५ पासून आहे. कागद भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि निव्वळ मुखत्यारपत्र, करारनामा किंवा मृत्युपत्र यांच्या आधारे जमिनीची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प खटल्याच्या निकालात निःसंदिग्ध सांगितलं आहे. नोंदणीकृत खरेदीखत हाच कागद.

पैसे तुमच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, बँकेमार्फत, थेट विकणाऱ्याच्या खात्यात. मध्यस्थाच्या खात्यात फक्त त्याची दलाली, आणि तीही पावतीवर. ‘थोडे नगद, थोडे चेकने’ हा जुना रिवाज परदेशातल्या माणसाला फार महाग पडतो, कारण उद्या जमीन विकून पैसे परत नेताना बँक खरेदीची रक्कम कागदावर मागते. रोख दिलेला पैसा तेव्हा कुठेच नसतो.

सिंदीचा एखादा मुलगा दुबईत नोकरीला लागून तिथेच फ्लॅट घेतो, तेव्हाही यातला गाभा तोच राहतो. तिथे दुबई भूमी खात्याचं ब्रोकर कार्ड पाहायचं आणि पैसे ज्या खात्यात जायचे ते विकणाऱ्याचंच आहे का ते पाहायचं. भारतातून आईवडिलांनी पैसे पाठवायचे असतील तर एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. तिथली नोंदणी व्यवस्था आपल्यापेक्षा कडक आहे, पण ‘आपलाच मराठी माणूस आहे’ म्हणून कार्ड न पाहणारे तिथेही आहेत.

हे वाचणाऱ्यांपैकी काहींनी इसार आधीच देऊन टाकला असेल. हप्ते सुरू असतील, रजिस्ट्रीची तारीख दर दिवाळीला पुढच्या अक्षय्य तृतीयेवर जात असेल. त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगायला हवं. पुढचा हप्ता थांबवा आणि थांबवत असल्याचं लेखी कळवा. आजवर दिलेल्या प्रत्येक रकमेचा बँक उतारा, प्रत्येक निरोपाचा स्क्रीनशॉट एका ठिकाणी ठेवा. आजचा सातबारा काढा आणि मालक अजून तोच आहे का पाहा. ले-आउट रेराच्या व्याख्येत येत असूनही नोंदवलेला नसेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागत नाही. मूळ शेतकऱ्याला शोधून त्याच्याशी बोला. त्यालाही पूर्ण पैसे मिळालेले नसतात आणि पुष्कळदा तोच तुमचा सगळ्यांत चांगला साक्षीदार ठरतो. लाजेखातर गप्प बसू नका. गावात हसं होईल म्हणून तक्रार न करणाऱ्यांमुळेच तोच माणूस पुढच्या वर्षी दुसरी कमान उभी करतो.

आणि तारीख मोजा. करारनाम्याप्रमाणे खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. करारात तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून आणि लिहिली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. तुमची तीन वर्षं भरत आली असतील तर मध्यस्थाला आणखी एक फोन करू नका, याच आठवड्यात वकिलाला करा.